कळमन्याच्या बाजारातली शाळा

नागपूरला पाहुणे आले की आपण त्यांना काय काय दाखवतो? दीक्षाभूमी, सीताबर्डीचा किल्ला, संध्याकाळी फुटाळा तलाव आणि एखादा दिवस हाताशी असला तर रामटेक. परत जाताना संत्रा बर्फीचा डबा हातात दिला की आपला पाहुणचार पुरा झाला. पण ज्या संत्र्यामुळे या गावाचं नाव देशभर झालं, त्या संत्र्याचा बाजार जिथे भरतो त्या कळमन्याला मात्र कुणी कुणाला नेत नाही. आपणही जात नाही. आपली भाजी दारावर येते किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. ती तिथे कुठून आली, हे विचारायला सवड कुणाला आहे?

मैत्रिणींनो, मी एका शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. आठवीच्या मुलांना घेऊन मी कळमन्याला गेले, ती सहल म्हणून नव्हे. वर्गात एक प्रश्न अडून बसला होता, त्याचं उत्तर शोधायला गेले. ते उत्तर तुमच्याही स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोचतं, म्हणून हे सगळं सांगावंसं वाटलं.

प्रश्न असा होता. हवामानबदलाचा पाठ चालू होता. सूर्याची उष्णता पृथ्वीवर येते, ती परत जाताना हवेतले काही वायू तिला अडवून धरतात, हे मुलांना चटकन समजलं. काचा बंद करून उन्हात उभी केलेली मोटार आतून कशी तापते, हे नागपूरच्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही! कार्बन डायऑक्साइड, मिथेन अशी या हरितगृह वायूंची नावंही फळ्यावर लिहून झाली. भारताने २०७० सालापर्यंत या वायूंची भर शून्यावर आणण्याचं ठरवलं आहे, हेही सांगितलं. तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, पण आम्ही काय करायचं?"

आज तेरा वर्षांचं असलेलं मूल २०७० साली साठीच्या जवळ आलेलं असेल. ज्या उन्हाळ्यांची आपण नुसती चर्चा करतो, ते उन्हाळे या मुलांना काढायचे आहेत. त्यांना नुसती भीती घालायची आणि हातात काही द्यायचं नाही, हे काही बरं नव्हे.

खरं म्हणजे याचं उत्तर आपल्या विदर्भात फार पूर्वीच दिलं गेलं आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती. गांधीजी तिचे अध्यक्ष होते. मुलांनी हाताने काम करावं आणि त्या कामातूनच शिकावं, हा 'नई तालीम'चा विचार तिथे पुढे आला. वर्धा आपल्यापासून किती दूर? मग हवामानबदलाचा पाठही हातांनी का शिकू नये, असं माझ्या मनात आलं. त्यासाठी कळमन्यासारखी जागा नाही.

असा आहे कळमना

कळमना पूर्व नागपुरात आहे. मेट्रोने प्रजापती नगरपर्यंत जायचं आणि तिथून ऑटो करायची. कृषी उत्पन्न बाजार समितीचं हे मोठं आवार. आत शिरलं की एखाद्या गावात आल्यासारखं वाटतं. धान्याचा बाजार वेगळा, आलू-कांद्याचा वेगळा, भाजीचा वेगळा, फळांचा वेगळा. वाळलेल्या लाल मिरचीच्या ढिगांजवळून जाताना नाकाला पदर लावावाच लागतो. आमच्यातली निम्मी मुलं तर शिंकतच पुढे गेली.

सकाळी लवकर जायला हवं. हमालांच्या आरोळ्या, ट्रकचे भोंगे, चहाच्या टपऱ्यांवरची गर्दी. आम्ही गेलो तेव्हा आंबिया बहराची संत्री आली होती. हा बहर दिवाळीच्या आगेमागे येतो आणि मृग बहर उन्हाळ्याच्या तोंडाशी. संत्र्यांचे ढीग बघून मुलं हरखून गेली. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. पण तो वास काही पुस्तकात नसतो, नाही का?

वर्गातल्या एका मुलाचे वडील याच आवारात हमाली करतात. एरवी वर्गात तोंड न उघडणारा हा मुलगा त्या दिवशी आमचा गुरू झाला. लिलावाची बोली कशी लागते, अडत्याचं काम काय, कोणता माल कुठून येतो, सगळं त्याने सांगितलं. पालेभाज्या जवळपासच्या खेड्यांतून येतात, पण काही माल पार दुसऱ्या राज्यांतून ट्रकने येतो. मग मुलांनी आपणहून हिशेब मांडला. जवळचं आणि हंगामातलं खाल्लं तर डिझेल कमी जळतं, शीतगृहाची वीजही वाचते. हे वाक्य मी वर्गात कितीदा तरी सांगितलं होतं. इथे मात्र ते त्यांचं त्यांना सापडलं.

बाजार उठल्यावर

खरा पाठ तर पुढेच होता. बाजार उठायला लागला तशी जमीन दिसू लागली. फुटलेले टमाटर, दबलेली संत्री, कोबीची वरची पानं, पिवळा पडलेला सांभार. (पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींनो, आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात!) त्या पसाऱ्यात काही बायका वाकून वेचत होत्या. एका मुलीने धीर करून विचारलं, "मावशी, हे नेऊन काय करता?"

मावशी म्हणाल्या, "चांगलं थे घरी, बाकीचं बकऱ्यांले. फेकाले काय लागते, बाई?"

फेकायला काही लागत नाही, हे मात्र खरं नाही, हे मुलांना दाखवायचं होतं. नागपूरचा कचरा वर्षानुवर्षं भांडेवाडीला जातो आणि भांडेवाडी कळमन्यापासून फार दूर नाही. उन्हाळ्यात तिथे कचऱ्याला आग लागल्याच्या बातम्या आपण वाचतो. ओला कचरा ढिगाखाली दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही. मग बिनहवेत जगणारे जिवाणू तो कुजवतात आणि त्यातून मिथेन निघतो. आपल्या गोबर गॅसमध्ये जळतो, तोच हा वायू. चुलीत जळला तर तो आपला नोकर, आणि तसाच हवेत सुटला तर वैरी! शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तो पृथ्वीला तापवतो. जगात पिकवलेल्या अन्नापैकी जे वाया जातं, त्याच्यापायी एकूण हरितगृह वायूंतले ८ ते १० टक्के हवेत जातात, असा संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण विभागाचा अंदाज आहे.

तोच ओला कचरा घरी हवेशीर ठेवून कुजवला, तर मिथेन नाममात्रच तयार होतो आणि हातात खत पडतं. मुलांनी ठरवलं, इथून सुरुवात करायची.

वही आणि वजनकाटा

पुढचा आठवडाभर प्रत्येकाने घरचा ओला कचरा वेगळा ठेवून रोज तोलला आणि वहीत लिहिला. त्यात सालं-देठं किती आणि शिजवलेलं अन्न किती, हेही वेगळं लिहायचं. दोन-तीन आयांचे निरोप आले, "शाळेत पाठवतो ते कचऱ्यात हात घालायला का?" त्यांचा राग मी समजू शकते. पण वही भरत गेली तसं त्याच आया म्हणू लागल्या, "रात्रीचा भात रोज उरतो, हे लक्षातच आलं नव्हतं."

त्याच वहीत विजेचाही हिशेब होता. नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा इथे कोळशावर चालणारी मोठी वीजकेंद्रं आहेत. आपल्या देशात बरीचशी वीज अजून कोळशातूनच होते. त्यामुळे एक युनिट वीज वापरली की सरासरीने पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दीड टनाचं एसी रात्री आठ तास चाललं तर साधारण दहा युनिट, म्हणजे सात-साडेसात किलो. आपला साधा कूलर तेवढाच वेळ चालला तर दोन युनिटसुद्धा होत नाहीत.

वह्या समोर मांडल्या तेव्हा वर्ग गप्प झाला. सगळ्यात लहान आकडा त्या हमालाच्या मुलाच्या घरचा होता. दोन पंखे, दोन दिवे, कूलर नाही. शिजवलेलं अन्न वाया जाण्याच्या रकान्यात पूर्ण आठवडा शून्य. तो उभा राहून म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी तर कमी कराले काहीच नाही."

मैत्रिणींनो, या वाक्यावर आपण सगळ्यांनीच थांबायला हवं. "वीज वाचवा, अन्न वाचवा" असं आपण सर्वांना एकाच सुरात सांगतो. पण ज्याने कधी उधळलंच नाही, त्याने काय वाचवायचं? मी फळ्यावर लिहिलं, ज्याच्या घरी जास्त, त्याने आधी कमी करायचं. दोन एसीवाल्या घरातल्या मुलीचं तोंड एवढंसं झालं. तिला दोषी वाटावं, हा काही हेतू नव्हता. दुसऱ्या दिवशी ती सांगत आली, आता घरातली सगळी एकाच खोलीत झोपतात आणि एसी २६ वर ठेवतात. आणि त्या मुलाकडे आम्ही वेगळं काम दिलं. शाळेच्या कडुनिंबाचा पाला आधी जाळत असत, त्याचं खत करायचं आणि इतरांना शिकवायचं. त्याच्या आजोळी शेती असल्याने त्याला ते आमच्यापेक्षा चांगलं येत होतं.

मुलं बाहेरही पडली

घर झालं, शाळा झाली. पण काही गोष्टी चार लोकांना सांगितल्याशिवाय होत नाहीत. नागपुरात त्याचा धडा आहेच. २०१४ पासून महानगरपालिका आणि ग्रीन व्हिजिल फाउंडेशन यांनी 'पौर्णिमा दिवस' सुरू केला. पौर्णिमेच्या रात्री एक तास नको असलेले दिवे बंद ठेवायचे. तरुण मुलंमुली बाजारात उतरून दुकानदारांना हात जोडून विनंती करतात आणि पाट्यांचे दिवे मालवले जातात. एका तासाने पृथ्वी थंड होत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण अनोळखी माणसाशी नम्रपणे बोलून त्याचं मन वळवणं, हेही शिक्षणच नाही का?

आमच्या मुलांनी तसंच केलं. शाळेजवळच्या भाजीवाल्यांना गाठून पालापाचोळा प्लास्टिकमध्ये न बांधता वेगळा ठेवायला सांगितलं. काहींनी हाकलून दिलं. दोघांनी मानलं. आता तो पाला एका बाईंच्या बकऱ्या खातात. कळमन्याचं आवार काही यामुळे बदललं नाही, पण मुलांचा "आम्ही काय करायचं?" हा प्रश्न बदलला. आता ती विचारतात, "मॅडम, यापुढे काय करायचं?"

तुमच्या घरी एवढं कराच

"आम्ही कचरा वेगळा करून देतो, पण पुढे तो एकत्रच होतो," ही तक्रार माझ्या कानावर नेहमी येते. त्यावर उपाय एकच. जे घराबाहेर जाणारच नाही, ते एकत्र कसं होईल?

एका जुन्या बादलीला किंवा माठाला खाली आणि बाजूंनी भोकं पाडा. तळाशी वाळलेल्या पानांचा थर द्या. रोजची सालं बारीक चिरून टाका आणि वर तेवढाच वाळका पाला. सुरुवातीला थोडं आंबट ताक शिंपडलं की काम लवकर सुरू होतं. चार दिवसांनी एकदा खालीवर करा, म्हणजे हवा खेळती राहते. वास आला तर ओल जास्त झाली असं समजा आणि पाला वाढवा. दीड-दोन महिन्यांत मातीच्या वासाचं खत तयार होतं.

संत्र्याची सालं खतात जास्त टाकू नका, ती सावकाश कुजतात. त्यांचं असं करा: एक वाटी गूळ, तीन वाट्या सालं, दहा वाट्या पाणी प्लास्टिकच्या बरणीत घाला. बरणी काचेची नको आणि काठोकाठ भरू नका. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्या. तीन महिन्यांनी गाळून घ्या. फरशी पुसायच्या पाण्यात थोडंसं घातलं की घरभर संत्र्याचा मंद वास येतो.

ज्यांच्याकडे जागा आणि उत्साह दोन्ही असेल, त्यांनी घरगुती बायोगॅसचीही चौकशी करावी. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्यावर चालणारं छोटं संयंत्र तयार केलं. त्या कामाला २००६ साली इंग्लंडचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. ढिगाखाली वैरी होणारा वायू त्यात चहा उकळून देतो.

आणि हे सगळं मुलांच्या हातून करवून घ्या. वही त्यांनाच लिहू द्या, काटा त्यांनाच धरू द्या. तुम्ही यवतमाळला असा, साताऱ्याला असा, की जळगावला, तुमच्या गावातही बाजार समितीचं आवार असेलच. एखाद्या सुटीच्या सकाळी मुलांचा हात धरून तिथे जा. येताना जरा हिरवी-पिवळी, वाकडीतिकडी भाजीही घ्या. ती कुणी घेत नाही म्हणून फेकली जाते, चवीत काडीचाही फरक नसतो. घरी आल्यावर ती निवडायला मुलांनाच बसवा, आणि देठं कुठे टाकायची ते त्यांनाच ठरवू द्या.