अर्थ आणि अर्थिंग

आमच्या इमारतीत येणारा वायरमन कामाच्या ओघात एक वाक्य सहज उच्चारतो : ‘या बोर्डाला अर्थ नाही.’ भाषा शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वाक्य क्षणभर दचकवते. त्याचा ‘अर्थ’ इंग्रजीतून आला, आपला संस्कृतातून. मराठीत मात्र दोन्ही एकाच उच्चारात नांदतात. त्याच्या लेखी अर्थ म्हणजे मीठ-कोळशाच्या थरांत पुरलेली तांब्याची प्लेट, चुकार प्रवाहाला जमिनीत जिरण्याची वाट. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतावे लागते, कारण माती कोरडी पडली की अर्थही क्षीण होतो.

या शब्दाची दुसरी बाजू मला खोडदला उमगली. पुण्याच्या उत्तरेस, नारायणगावजवळ, जुन्नर तालुक्यात असलेली ही महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. दरवर्षी विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांसाठी खुली होते. एका वर्षी काही विद्यार्थ्यांबरोबर मीही गेलो. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. त्या मिळून एक दुर्बीण व्हायची तर सर्वांना एकच ताल हवा. म्हणून मध्यवर्ती इमारतीतून एका अतिस्थिर घड्याळाशी बांधलेली संदर्भ-कंप्रता प्रत्येक तबकडीकडे पाठवली जाते. हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम २१ सेंटिमीटर. सेकंदाच्या एक अब्जांश भागाहूनही कमी काळात ती पूर्ण होते. ताल तेवढा जरी ढळला, तरी तीस तबकड्यांचे म्हणणे जुळत नाही.

आता गंमत अशी, की या तालाला सर्वांत जवळचा धोका जमिनीकडूनच असतो. जमीन सर्वत्र सारखीच, असे आपण गृहीत धरतो. विजेच्या दृष्टीने ते खरे नव्हे. दूरच्या दोन ठिकाणांच्या जमिनींत दाबाचा थोडा फरक असतोच. दोन्ही टोके जमिनीत पुरून त्यांना तांब्याच्या तारेने जोडले, की त्या फरकामुळे तारेतूनच प्रवाह वाहू लागतो आणि वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण संदेशात मिसळते. संरक्षणासाठी केलेला अर्थच गोंगाटाचे कारण होतो. उपाय दोन. एका ठिकाणची सारी यंत्रे एकाच बिंदूशी जमिनीला जोडावीत; आणि दूरच्या दोन ठिकाणांमध्ये संदेश जाईल पण प्रवाह जाणार नाही अशी फट ठेवावी. जवळच्या अंतरात हे काम ट्रान्सफॉर्मर करतो : त्याच्या दोन वेटोळ्यांचा एकमेकांना स्पर्श होत नाही. खोडदला तबकड्यांपर्यंत काचेचे तंतू गेले आहेत. काच प्रकाश नेते, जमीन नेत नाही.

हे ऐकताना मला आमचा वर्ग आठवत होता. देशीवादाच्या चर्चेनंतर मराठी समीक्षेत मातीचे, मुळांचे महत्त्व वादातीत झाल्यासारखे आहे. ते योग्यही आहे. जमिनीशी नाते नसलेले वाचन धोकादायकच. परंतु लेखकाची जमीन आणि वाचकाची जमीन यांतला फरक कोण मोजतो? दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) पुण्यातल्या वर्गात वाचले जाते, तेव्हा ‘हे तर आपल्या सर्वांचेच दुःख’ असे कुणीतरी कळवळून म्हणते. म्हणणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो. पण त्या क्षणी दोन असमान जमिनी परस्पर जोडल्या जातात आणि ऐकू येऊ लागते ती वाचकाच्या सहानुभूतीची गुणगुण. ज्या विद्यार्थ्याच्या घरात ते आयुष्य खरोखर जगले गेले, तो मागच्या बाकावर मान खाली घालतो. तिथे काचेची गरज असते : शब्द पोचावा, पण त्याची जमीन आपण आपली म्हणू नये.

अर्थात काचही फुकट मिळत नाही, आणि तिच्याने सारा गोंगाट थांबत नाही. आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो, की उच्चदाबाच्या तारांवरची ठिणगीदेखील त्याला झाकोळते. म्हणून परिसरातले उद्योग, मोबाइलचे मनोरे यांना या दुर्बिणीचा विचार करावा लागतो. पुणे–नाशिक रेल्वेच्या आखणीतही अलीकडच्या वर्षांत तोच वादाचा मुद्दा झाला. २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या मंद पार्श्वध्वनीचा पुरावा जगापुढे आला, त्यात खोडदच्या निरीक्षणांचाही वाटा होता. त्या यशामागे जुन्नरच्या शेतकऱ्याची गैरसोयही जमा आहे.

शांतता नैसर्गिक नसते. कुणीतरी ती दुसऱ्यासाठी राखलेली असते. मागच्या बाकावरचा विद्यार्थी कधी बोलायला उभा राहिला, तर उरलेल्या चाळिसांनी आणि मुख्यतः शिक्षकाने ती राखायची असते, तो काय म्हणणार हे आधी ठाऊक नसताना.