पॅकहाऊसची हजेरी : वही की सॉफ्टवेअर?



आज खतापाण्याची नोंद नाही, मजुरीच्या हिशोबाची आहे. आम्ही पाच शेतकरी मिळून केळीचं छोटं पॅकहाऊस चालवतो. वही पुरेना म्हणून पगाराचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. चार-पाच डेमो बघितले. रावेर-यावल पट्ट्यात पॅकहाऊस वाढताहेत, तिकडे धुळे-शिरपूरकडे जिनिंग आहेत. कुणाला तरी उपयोग होईल म्हणून लिहितोय.

आधी आमच्याकडे माणसं कशी ते सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

१) फण्या वेगळ्या करणाऱ्या, धुणाऱ्या, बॉक्स भरणाऱ्या बाया. रोजाने. गाडी उशिरा आली तर अर्धा रोज, अंधार पडला तर जादा.
२) कापणीची टोळी. बॉक्सवर उक्तं काम. टोळीत आज नऊ जण, उद्या सात.
३) सालदार. आखाजीला साल ठरतं, उचल आधीच घेतलेली असते, खाडे वजा होतात.
४) मुनीम, सुपरवायझर, वॉचमन. हे तिघंच महिन्याच्या पगारावर.

बहुतेक सॉफ्टवेअर चौथ्या प्रकारासाठी बनवलेलं असतं. डेमो देणारा पोरगा हुशार होता, बोलायलाही चांगला. पण त्याचा पहिला प्रश्न, "सगळ्यांचे ईमेल आयडी आहेत ना?" दुसरा प्रश्न, "लीव्ह पॉलिसी काय?" मुनीम माझ्याकडे बघायला लागला.

मग आम्ही त्याला आमचं गणित घातलं. समजा टोळीने ४०० बॉक्स केले, बॉक्सला १५ रुपये. झाले ६,०००. माणसं नऊ, त्यातला एक दुपारीच घरी गेला. म्हणजे साडेआठ वाटे. वाट्याला ७०५ रुपये ८८ पैसे येतात. टोळी काय करते? आठ जण ७०० घेतात, नववा ३५० घेतो, उरलेल्या ५० रुपयांचा चहा-भजी होतो. कुणाची तक्रार नाही. सॉफ्टवेअरमध्ये मात्र ते ५० रुपये टाकायला जागाच नव्हती. एकाने सांगितलं, "सर, प्रत्येकाचे बॉक्स वेगळे मोजा." भाऊ, एक जण घड कापतो, दुसरा खांद्यावर घेतो, तिसरा गाडीत रचतो. बॉक्स कोणाच्या नावावर लावू?

साडू शिरपूरकडे जिनिंगला हिशोब बघतो. त्याच्याकडे हंगामभर माणसं तीच, पगार महिन्याचा. टॅली आधीपासून होती, त्यातच पेरोलची सोय आहे, त्याचं काम भागलं. त्याला जे चाललं ते आम्हाला चालेलच असं नाही. म्हणून पहिली नोंद : आधी आपल्याकडे मजुरीचे प्रकार किती ते कागदावर मांडा, मगच डेमो बघा.

दुसरी गोष्ट कायद्याची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. त्यात आपल्या कामाचं बरंच आहे. रोजाने असेल तर काम संपल्यावर त्याच दिवशी पैसे. आठवड्याने असेल तर आठवडी सुट्टीच्या आधी. महिन्याने असेल तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. माणूस काम सोडून गेला तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब पूर्ण करायचा. सगळ्या कपाती धरून मजुरीच्या निम्म्यापेक्षा जास्त कापता येत नाही. बाईला एक रोज आणि त्याच कामाला माणसाला जास्त रोज, हेही चालत नाही. मजुरीची पावती द्यावी लागते. शेतीकामाला पाच किंवा त्याहून कमी माणसं असतील तर रजिस्टर आणि पावतीची सक्ती नाही, पण मजुरी दिल्याचा पुरावा मागितला तर दाखवावा लागतो.

म्हणून सॉफ्टवेअरला विचारायचं : हिशोब आठवड्याने निघतो का? आमच्याकडे बाजाराच्या आदल्या दिवशी पैसे जातात, महिनाअखेर कुणी थांबत नाही. सालदाराची उचल हप्त्याने वळती होते का, आणि निम्म्याची मर्यादा आली की थांबते का? दोन नावं टाकून बघा, एक बाई आणि एक माणूस, दोघांची मजुरी महिन्याला १३,००० ठेवा. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत बाईला व्यवसाय कर नाही. माणसाला २०० रुपये लागतो, फेब्रुवारीत ३००. सॉफ्टवेअरने दोघांचे सारखेच कापले तर तिथेच उठा.

आता खरी अडचण. १० माणसांपासून ईएसआय आणि २० पासून पीएफचा विषय येतो. आपल्या धंद्याला नेमकं काय लागतं ते सीएकडून लिहून घ्या. हंगामात आमची माणसं २० च्या वर जातात. सल्ला देणारे लगेच भेटले. "भो, १९ नावं ठेव, बाकीच्यांचं रोखीने कर." हिशोबाचं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि त्यात पहिल्याच दिवशी खोटी यादी भरायची, हे आम्हा पाचांपैकी कुणालाच पटलं नाही. उद्या टबाजवळ घसरून एखाद्या बाईचा हात मोडला आणि तिचं नाव यादीत नसेल, तर ती कुणाची माणूस?

पण दुसरी बाजूही ऐका. बायांना बसवून सांगितलं. ५०० रुपये रोज धरा, २६ दिवसांचे १३,०००. तुमचे १,५६० कापले जातील, हातात ११,४४०. आमच्याकडून १,५६० पडतील, त्यातले १,०८३ पेन्शनच्या खात्यात, ४७७ पीएफमध्ये. कामावर असताना बरंवाईट झालं तर घरच्यांना विमा आहे. एक मावशी म्हणाल्या, "मले आज हातात पाहिजे भाऊ. पेन्शन कधी?" पेन्शनला दहा वर्षं नोकरी लागते. आमचं काम हंगामी, त्यांचं वय पन्नाशीचं. त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. कापलेला पैसा बुडत नाही, काढता येतो, हे आम्ही सांगितलं. त्या गप्प बसल्या, पटलं असं म्हणवत नाही. कायदा आहे म्हणून भरतोय, आणि पहिली पावती त्यांना वाचून दाखवली.

नावांचंही बघा. आधारवर एक, बँकेत दुसरं, गावात तिसरंच. एकाच नावाच्या तीन बाया आहेत आमच्याकडे. नाव जुळलं नाही की पीएफचं खातं अडकतं. सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी पंधरा दिवस आम्ही नुसती नावंच दुरुस्त केली. बायांची मजुरी त्यांच्या स्वतःच्याच खात्यात टाकायची असंही ठरलं, घरच्या दुसऱ्या कुणाच्या नाही. ज्यांना रोख पाहिजे त्यांना रोख, सही घेऊन.

रेंजचा विचार करा. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईलवरून दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी सक्तीची झाली. हेतू खोटी हजेरी थांबवायचा. पण सातपुड्याच्या पायथ्याला जिथे रेंजच नाही, तिथे फोटो चढला नाही तर काम करूनही हजेरी लागायची पंचाईत. आमचं शेडही तसंच. म्हणून रेंज नसताना हजेरी लागते का, हे डेमोत फोन एरोप्लेन मोडवर टाकून बघितलं. दोन ॲप तिथेच गळाले.

आणि घाई नको. कॅनडा सरकारने २०१६ मध्ये फिनिक्स नावाची पगाराची यंत्रणा सुरू केली. आधी छोट्या प्रमाणावर चालवून बघायचं ठरलेलं होतं, ते रद्द केलं. हजारो कर्मचाऱ्यांना कमी पगार, काहींना जास्त, काहींना काहीच नाही. एवढ्या मोठ्या सरकारचं असं झालं, तर आपण दोन महिने वही आणि ॲप दोन्ही चालवायला काय हरकत आहे?

आमचा निर्णय असा. हजेरी, रोज आणि उचल साध्या मोबाईल ॲपवर. टोळीचा हिशोब वहीतच, मुकादमाच्या सहीने, ॲपमध्ये फक्त प्रत्येकाची शेवटची रक्कम. पीएफचा भरणा सीएकडून, दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत. पावती मराठीत, छापलेली. दोन गोष्टी लिहून घेतल्या : पैसे कामावर आलेल्या माणसामागे लागतील, यादीतल्या नावामागे नाही, कारण हंगाम सरला की साठातली आठच माणसं उरतात. आणि ॲप सोडलं तरी सगळा हिशोब एक्सेलमध्ये आमच्याकडे येईल.

दोन महिने झाले. वही आणि ॲप जुळतंय. कुणाचे रोज किती यावर वाद झाला तर आता तारखेवर बोट ठेवता येतं, आमचंही आणि त्यांचंही. मजूर टिकायचा तर त्याला हिशोब कळला पाहिजे. रोज तर शेजारचं पॅकहाऊसही देतंच.

तुमच्याकडे टोळीचा हिशोब कसा ठेवता? जिनिंगवाले, कांदावाले, सगळ्यांनी लिहा. उचल हप्त्याने नीट वळती करणारं एखादं ॲप वापरात असेल तर जरूर सांगा, आमचं ते काम अजून मुनीमच हाताने करतो.