अण्णांची जागा

लोणीतल्या आमच्या घरासमोर गोठ्याची दगडी भिंत आहे. 1984 च्या पोळ्याला अण्णा त्या भिंतीला पाठ टेकवून उभे राहिले आणि त्यांनी घरच्यांचा फोटो काढला. ओसरीपुढे दोन रांगांत अकरा माणसं. डाव्या कडेला आमचा गडी. उजव्या कडेला आत्या, तिच्या हातात कासरा, आणि कासऱ्याच्या टोकाला झूल पांघरलेला सर्जा. सर्जाचं शेंबी घातलेलं शिंग फोटोच्या अगदी कडेला येऊन थांबलंय. एवढंसं इकडेतिकडे झालं असतं तर ते कापलं गेलं असतं.

अण्णांचा कॅमेरा पेंटॅक्स के1000, लेन्स 50 मिलिमीटर, एफ 2. लग्नं, बारशी, धामणीच्या खंडोबाची माघ पौर्णिमेची यात्रा, सगळं त्यांनी या एकाच लेन्सवर काढलं. पुढे कॅमेऱ्याचं शटर अडकलं ते अडकलंच. लेन्स मात्र धोतराच्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत राहिली. आमच्या पूर्व आंबेगावच्या कोरड्या हवेला आम्ही जन्मभर नावं ठेवली, पण त्याच हवेनं ती लेन्स सांभाळली. पुण्यात माझ्या कपाटातल्या दोन लेन्सना एकाच पावसाळ्यात बुरशी धरली. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे काचेवर पसरले. ट्रंकेतल्या काचेवर डाग नव्हता. अॅपर्चरची रिंग फिरवली तर अजून टकटक खटके वाजत होते, आणि त्या रिंगवरच्या सगळ्या आकड्यांचा रंग शाबूत असताना फक्त 8 चा रंग बोटांनी घासून गेला होता.

ती लेन्स मी आधी छोट्या सेन्सरच्या मिररलेस कॅमेऱ्यावर चढवली आणि गावी जाऊन भिंतीला पाठ लावली. व्ह्यूफाइंडरमध्ये ओसरीचा मधलाच भाग दिसला. दोन्ही कडेचे खांब गायब. हिशेब साधा आहे. फिल्मची चौकट 36 मिलिमीटर रुंद; भिंतीपासून ओसरीपर्यंतच्या आठ मीटरवरून 50 ची लेन्स तिच्यावर साधारण पावणेसहा मीटर रुंदीचं दृश्य आणते. माझा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटरचा, म्हणजे आठ मीटरवर पावणेचार मीटरच हाती लागतात. दोन्ही बाजूंनी एकेक मीटर गेला. अण्णांच्या फोटोतला तोच एकेक मीटर म्हणजे आमचा गडी, आत्या आणि सर्जा.

मागे सरक, असं कोणी म्हणेल. मागे भिंत होती. आणि भिंत नसती, चार मीटर मागे जाता आलं असतं, तरी तो फोटो आला नसता. माणसाचा चेहरा आणि त्याच्या मागचा दरवाजा यांचं एकमेकांशी प्रमाण ठरतं ते फोटो काढणारा कुठे उभा आहे त्यावरून. लेन्स आणि सेन्सर फक्त किती घ्यायचं ते ठरवतात. जागा बदलली की घर बदलतं. म्हणून मला पूर्ण 36 बाय 24 चा सेन्सर हवा होता, आणि सोनीचा 2014 सालचा ए7 मार्क टू मी जुना, वापरलेला विकत घेतला.

पेंटॅक्सच्या लेन्सला फिल्मपासून 45.46 मिलिमीटर अंतर लागतं, कारण मधे हलणारा आरसा असायचा. आरसा गेला, सोनीत हे अंतर 18 मिलिमीटरवर आलं. उरलेले साडेसत्तावीस मिलिमीटर भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे अॅडॉप्टर. आत काच नाही, काही नाही, नुसती हवा. पण ती नळी नेमकी हवी. माझा पहिला अॅडॉप्टर स्वस्तातला होता. त्यावर काढलेल्या प्रत्येक फोटोची उजवी बाजू मऊ यायची आणि कित्येक आठवडे मी अण्णांच्या लेन्सला दोष देत राहिलो. शेवटी त्याच दगडी भिंतीसमोर कॅमेरा तिपाईवर अगदी सरळ लावला, एफ 2 ठेवून फोटो घेतला. डावीकडच्या दगडांचे टवके मोजून घ्यावेत असे, उजवीकडे पीठ. अॅडॉप्टर एका बाजूला किंचित कलता होता. दुसरा आणला आणि उजवी बाजू जागेवर आली.

छोट्या सेन्सरवर जुन्या लेन्स फार गुणी वाटतात, कारण तिथे काचेचा फक्त मधला, उत्तम भाग कामाला येतो. पूर्ण चौकट दिली की लेन्सचा सगळा स्वभाव बाहेर येतो. एफ 2 ला आमच्या लेन्सचे कोपरे काळवंडतात, कडेचं सारं विरघळतं. पुष्कळजण मग संगणकावर कडा छाटतात. मला ते पटत नाही. कडा नको असतील तर छोटा सेन्सर काय वाईट होता? अॅपर्चर बंद करत जा, कोपरे गोळा होत येतात, आणि आठला कडेचा माणूस मधल्या माणसाइतकाच स्वच्छ दिसतो. त्या रिंगवरचा 8 का झिजला होता ते मला तेव्हा कळलं.

काही गोष्टी हातानं शिकाव्या लागतात. कॅमेऱ्याला ही लेन्स दिसतच नाही, म्हणून मेन्यूत लेन्सशिवाय शटर चालू ठेवण्याची मुभा द्यावी लागते. हात थरथरला तर सेन्सर सावरून घेतो, पण लेन्स किती मिलिमीटरची ते आपणच सांगायचं. एकदा यात्रेत आधीच्या लेन्सचा 135 चा आकडा तसाच राहिला आणि रात्रीच्या जागरणाचे झाडून सगळे फोटो हलले. फोकस लागलेल्या कडा रंगवून दाखवायची सोय असते. माझा रंग पिवळा होता आणि धामणीत भंडारा उधळला की समोर पिवळ्याशिवाय काही उरत नाही. तेव्हापासून लाल ठेवतो. अॅपर्चरचा आकडा फोटोत नोंदला जात नाही, तो वहीत लिहितो. अण्णांचीही अशी वही होती.

गेल्या पोळ्याला पुन्हा भिंतीला पाठ लावली. डोळा व्ह्यूफाइंडरला लावला तर दोन्ही खांब जुन्या फोटोतल्या जागी येऊन बसले होते. आमच्या दावणीला आता बैल नाहीत, शेजाऱ्यांचा आणला. आत्यानं कासरा धरला आणि विचारलं, "आणखी मधी सरकू का रं?"

"नको आत्या, तिथंच थांब."

घरात असा जुना कॅमेरा पडून असेल तर भंगारात घालण्याआधी लेन्स काढून उजेडासमोर धरून बघा. काच स्वच्छ असेल आणि रिंग फिरत असेल तर ती अजून कामाची आहे. आणि अल्बममधले फोटो जिथून काढले त्या भिंती, ते ओटे पाडले जाण्याआधी एकदा तिथे जाऊन उभे राहा.