घोटलेला चहा

‘हक्का’ या चिनी शब्दाचा अर्थ ‘पाहुणी कुटुंबे’. उत्तर चीनमधून दक्षिणेस आलेल्या या लोकांना शेकडो वर्षांनंतरही तेच नाव चिकटलेले आहे! त्यांतील काही पुढे मलेशियात गेले, आणि त्यांच्याबरोबर ‘लेई चा’ही गेला.

तेथील एका हक्का घरी आजीबाईंनी आतून खाचा असलेला मातीचा खल पुढे ठेवला व पेरूच्या लाकडाचा लांब दांडका माझ्या हाती दिला. चहाची पाने, तीळ, भाजलेले शेंगदाणे, पुदिना आणि तुळशीच्या जातीचा पाला घालून मी घोटू लागलो. थोड्याच वेळात दंड भरून आले. ‘लेई’ म्हणजे घोटणे. परंतु तसाच उच्चार असलेल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ मेघगर्जना. म्हणून कित्येक जण यास ‘गडगडाटी चहा’ म्हणतात. खलातील ती घरघर ऐकून मला तेही नाव पटले.

“यंत्रावर वाटले तर?” मी विचारले.

“पुष्कळ जण वाटतात,” आजीबाई म्हणाल्या, “पण हात थांबवू नका.”

हिरव्या लगद्यावर उकळते पाणी पडताच सुगंध दरवळला. परतलेल्या शेंगा, पालेभाज्या, टोफू व खारवलेला मुळा यांनी झाकलेल्या भातावर तो रस्सा ओतला. पहिला घास कडवट लागला. तिसऱ्या घासास मी वाडगा पुन्हा पुढे केला.