एक कोयता म्हणजे दोन

चित्रालेखात पाच शेळ्यांसाठी निदान एक शेळी तरी काढलेली असते. स्तंभालेखात तीही जाते आणि नुसता खांब उरतो. बालभारतीच्या पुस्तकात स्तंभालेख सहावीत येतो. माझ्यासमोर होती तिसरी-चौथीची पोरं, भावकीतली आणि शेजारची. दिवाळीला लिंबागणेशला गेलो होतो. पुण्यात माझं रोजचं काम म्हणजे कंपन्यांचे आकडे पडद्यावर आलेखांत दाखवणं. "काका, तुम्ही कंप्युटरवर काय करता?" याचं खरं उत्तर द्यायचं तर एक स्तंभालेख काढून दाखवणंच सोपं वाटलं.

आधी गल्लीतली जनावरं मोजून आणायला लावली. मग ओट्यावर एका जनावराला एक चिंचोका, अशा रांगा लावल्या. एका पोरानं गायींचे नऊ चिंचोके इतके सैल मांडले की त्याची रांग शेळ्यांच्याही पुढं गेली आणि तो जिंकल्यासारखा नाचायला लागला. त्यावर जे भांडण झालं त्यातून सगळ्यांची जागा सारखी हवी, हे त्यांचं त्यांनाच उमगलं. मग चौकटीची वही काढली.

शेळ्या ३४. पान पुरेना. मी म्हटलं, एक चौकोन म्हणजे दोन शेळ्या धरू. "एका चौकोनात दोन कशा मावतील?" बराच वेळ अडलो. तेवढ्यात चौथीतली एक पोरगी म्हणाली, "एक कोयता म्हणजे दोन माणसं नसत्यात व्हय?"

बीडच्या पोरांना प्रमाण शिकवायची गरजच नव्हती म्हणायचं. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, तिला एक कोयता म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एकट्या माणसाला म्हणतात अर्धा कोयता. नऊ गायींचे साडेचार चौकोन मग कुणाला समजवावे लागले नाहीत.

१७८६ साली विल्यम प्लेफेअरनं स्कॉटलंडच्या व्यापाराचा स्तंभालेख छापला तो नाइलाजानं. एकाच वर्षाचे आकडे हाती होते, त्यामुळे वर्षावर्षांची रेघ ओढता येईना. आमच्या ओट्यावर मात्र पोरांना महिन्यांचा आलेख हवा होता. कशाचा? गल्लीतल्या कुलपांचा. गेल्या साली कुठल्या महिन्यात किती घरं बंद होती, ते आठवून आठवून आणि आयांना विचारून सांगितलं. सप्टेंबरला खांबच नाही, दिवाळीनंतर एकदम उंच, एप्रिलपर्यंत पुन्हा सपाट.

सगळ्यात उंच खांब कोणता, हे कुणीही सांगतं. किती जास्त, इथं बोटं मोजावी लागतात. पण खरी अडचण तिसरीच निघाली. "डिसेंबर सगळ्यात भारी!" चिंचोकेवाला ओरडला. उंच ते भारी, ही समजूत फक्त पोरांची नाही. आमच्या मीटिंगांत मोठी माणसंही काय मोजलंय हे न विचारता उंच खांबाकडं बघून माना डोलावतात. इथं त्याला लगेच उत्तर मिळालं. "कुलपं लई म्हणजे भारी व्हय रं?" तो गप्प बसला. त्याच्याही घराला कुलूप असतं.

कोयतावाली पोरगी मात्र आलेखाकडं बघतच राहिली. "ह्यात आमचं घर नाही." तिची आजी गावातच राहते, त्यामुळे कुलूप लागत नाही. आई-बाप जातात, गेल्या साली तीही गेली होती कर्नाटकात. "मंग आम्ही कुठं मोजायचं?"

हा प्रश्न मला नोकरीत कुणी विचारलेला नाही. कुलपं मोजणं सोपं होतं म्हणून आम्ही ती मोजली. गेलेली माणसं त्यात पूर्ण आलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी नवं पान घेतलं. यंदा जाणारी माणसं, घरागणिक एक खांब, एक चौकोन म्हणजे एक कोयता. पोरंही धरायची का, यावर वाद झाला. उचल पोरांवर मिळत नाही, असं एकाचं म्हणणं. मतदान झालं आणि धरायची ठरली, अर्धा चौकोन प्रत्येकी. तिनं आई-बापाचा एक चौकोन निळा भरला. वरचा अर्धा पेन्सिलीनं आखला आणि तसाच ठेवला. शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहायचं की आई-बापाबरोबर जायचं, हे तिच्या घरी अजून ठरलं नव्हतं.