आकडा ऐकणाऱ्याने ठरवावा

बँडकँप या गाणी विकायच्या साइटवर आमचा नवा अल्बम चढवायची वेळ आली की वाद हमखास एकाच गोष्टीवरून होतो: किमान किंमत किती ठेवायची? मी दर वेळी शून्य म्हणतो. आमचा ड्रमर विचारतो, स्टुडिओवाल्याने कधी आपल्याला ‘द्याल ते द्या’ म्हटलंय का? त्याचा प्रश्न रास्त आहे.

रेडिओहेड या बँडचं उदाहरण या वादात नेहमी येतं आणि नेहमी अर्धंच येतं. १० ऑक्टोबर २००७ ला त्यांनी ‘इन रेनबोज’ हा अल्बम स्वतःच्या साइटवर ठेवला आणि किंमत ऐकणाऱ्यांवर सोडली, एवढंच लोकांच्या लक्षात आहे. पण ईएमआय या रेकॉर्ड कंपनीबरोबरचा करार तेव्हा संपला होता, पाठीशी सहा अल्बमांची पुण्याई होती आणि त्याच साइटवर विनाइल-सीडीचा ४० पौंडांचा संचही विकायला होता. पुढच्या मार्चमध्ये नाइन इंच नेल्स या बँडने ‘घोस्ट्स’ अल्बमच्या ३६ रचनांपैकी पहिल्या ९ फुकट दिल्या, सगळ्या मिळून ५ डॉलरला ठेवल्या. सोबत ३०० डॉलरच्या २,५०० खास प्रती काढल्या, त्या हातोहात संपल्या. फुकट देणं परवडलं ते अशा महाग प्रतींच्या जोरावर.

आमच्यासारख्या लहान बँडकडे ते बळ नाही. बँडकँप डिजिटल विक्रीतले १५ टक्के घेतं. फुकट डाउनलोडही हवे तेवढे देता येत नाहीत, महिन्याला २०० ची मर्यादा असते. त्यात आमचे पैसे येतात पेपालवरून, आणि पेपालने भारतातल्या भारतातले व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले. न्यू जर्सीतला मराठी माणूस आम्हाला सहज पैसे देतो, कोथरूडचा अडतो. त्याच्यासाठी कार्यक्रमाच्या जागी टी-शर्टांच्या टेबलावर क्यूआर कोड ठेवावा लागतो.

एवढं असूनही मी शून्याचा हट्ट सोडत नाही. कीर्तनानंतर आरतीचं ताट फिरतं, तेव्हाही रक्कम ज्याची त्यानेच ठरवायची असते, पण शेजारी बघत असतो. इथे बघणारं कोणी नाही. हेडफोन लावून एकटा बसलेला माणूस काहीच न देता गाणी घेऊ शकतो, आणि तरीही तो जेव्हा देतो, तेव्हा ती रक्कम मला बिदागीसारखी वाटते. बरेच जण सोबत दोन ओळी लिहितात. कुठलं गाणं पुन्हा पुन्हा लावलं, कुठलं आवडलं नाही. त्या ओळी मी जपून ठेवल्या आहेत. शून्य देणाऱ्याचाही ईमेल मागता येतो, आणि पुढच्या कार्यक्रमाचं बोलावणं त्याच पत्त्यावर जातं.

मात्र रकमेच्या रिकाम्या चौकटीपुढे माणूस बिचकतो. किती दिले तर योग्य, हे त्याला कळायला काही मार्ग नसतो. म्हणून या वेळी अल्बमच्या पानावर आम्ही स्टुडिओचं भाडं, मिक्सिंग, मास्टरिंग, मुखपृष्ठाच्या चित्रकाराचं मानधन असा सगळा खर्च मांडणार आहोत. या अटीवर ड्रमरने शून्याला होकार दिलाय.