गळाची दोरी कुठे तुटावी

भिवंडीत वाढलेल्या माणसाला धाग्याचं वेड वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्या घरात तर तीन पिढ्या यार्नचा धंदा. पाहुणे आले की चहा संपायच्या आत गप्पा डेनियरवर जायच्या. मधेच कुणीतरी खिशातून धाग्याचा तुकडा काढायचं, दोन्ही हातांच्या बोटांत धरून तटकन तोडून दाखवायचं, आणि मग त्या तुटलेल्या टोकाकडे सगळे असे बघायचे, की जणू काही पत्रिकाच मांडली आहे! मला मासे गरवायचा नाद लागला तेव्हा आत्या म्हणाली होती, "मासे नुसतं निमित्त, ह्याला दोऱ्याच बघायच्या असतात." आत्या, तू हे वाचत असशीलच. खरं आहे गं ते.

तर आज दोरीबद्दल. जिगला कोणती दोरी लावायची असं गेल्या दोन महिन्यांत तिघांनी विचारलं, आणि तिघांनाही मी फोनवर अर्धवट उत्तर दिलं. घरच्यांसाठी आधी जिग म्हणजे काय ते सांगतो. गळाच्या मानेवर शिशाची गोळी ओतलेली असते, मागे रबराचा मासा नाहीतर रबराची झालर. हा प्रकार तळाला जाऊन बसतो. आपण काठीने उचलायचा, पडू द्यायचा, परत उचलायचा. अमेरिकेत हे सगळं बास नावाच्या माशासाठी वाढलं. आपल्या नद्यांत तो बास नाही. पण हॉटेलच्या मेनूकार्डावर 'एशियन सी बास' म्हणून जो मिळतो तो आपला जिताडा, बंगाल्यांची भेटकी. सवय त्या बासचीच. आडोशाला दबा धरून बसायचं आणि तोंडासमोरून काही गेलं की गिळायचं. म्हणजे जिग आडोशातच टाकायला हवा, आणि आडोसा म्हटला की दोरी घासणार, अडकणार, कधीतरी तुटणारच.

दुकानात तीन जातींच्या दोऱ्या मिळतात. एक साधं नायलॉन, १९३५ साली ड्यू पॉन्टच्या प्रयोगशाळेत जन्मलेलं. ताण दिला की चांगलं लांबतं, आणि ओलं झालं की थोडं नरम पडतं. दुसरं फ्लुरोकार्बन. ते पाणी पीत नाही, बुडतं, आणि स्वच्छ पाण्यात नायलॉनपेक्षा कमी दिसतं. तिसरी ब्रेड, म्हणजे पॉलिथिलीनच्या केसासारख्या बारीक तंतूंची चार किंवा आठ पेडांची वेणी. ही जवळजवळ लांबतच नाही आणि पाण्यावर तरंगते.

ब्रेडच्या रिळावर 'पीई २', 'पीई ४' असे आकडे असतात. ते काय हे कुणी समजावून सांगत नाही. जपानी पद्धतीत पीई १ म्हणजे २०० डेनियर! पीई २ म्हणजे ४००, पीई ४ म्हणजे ८००. हे कळलं त्या दिवशी मी घरी येऊन वडिलांना सांगितलं, तर ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मग दुसरं काय असणार?" भिवंडीबाहेरच्या मंडळींसाठी: ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. आता गंमत बघा. ०.३० मिलिमीटरचं नायलॉन साधारण ७२५ डेनियर भरतं आणि पंधराएक पौंडांना तुटतं. ४०० डेनियरची ब्रेड त्याहून निम्म्याच्या आसपास वजनाची, आणि पेलते मात्र दुप्पट. सगळे ब्रेडच्या प्रेमात पडतात ते म्हणूनच. व्हिडिओवाले तर सरसकट सांगतात, सगळ्यात जाड ब्रेड घ्या आणि विषय संपवा.

विषय तिथे संपत नाही, हे मला काल्हेरच्या बाजूला खाडीत कळलं. ज्या काकांच्या होडीतून मी जातो ते माझे कुणी नातेवाईक नव्हेत, पण त्यांचं बोलणं मी सख्ख्या काकांपेक्षा जास्त ऐकतो. मागच्या माघात भरती ओसरताना आम्ही तिवरांच्या कडेने चाललो होतो. एका फांदीला पाणकावळा उलटा लटकलेला दिसला. जिवंत होता. पंखाला आणि पायाला हिरवी ब्रेड गुंडाळलेली, आणि ती पुढे पंधरा-वीस हात मुळांतून गेलेली. काकांनी होडी चिखलात घातली, पोतं टाकून त्याचं डोकं झाकलं आणि विळ्याने एकेक वेढा कापला. बराच वेळ लागला. पाणकावळा होडीच्या काठावर बसून राहिला आणि मग एकदाचा उडाला. काका हात धूत म्हणाले, "एवढी मजबूत दोरी करतान, मग ती तिकरंच ठेवून का जातान?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे, आणि ते गाठीत आहे.

दोरी अडकली आणि सुटत नसली की ती कुठेतरी तोडावी लागतेच. ती सगळ्यात कमजोर जागी तुटते. सगळी दोरी सारख्याच ताकदीची असेल तर ती जागा कुठली हे नशिबावर. कधी काठीच्या टोकाशी, कधी मधेच, जिथे मागच्या वेळी कालवांच्या कडेवर घासली होती तिथे. मग तीस हात ब्रेड तिवरात राहते, आणि ब्रेड काही ह्या जन्मात कुजत नाही. म्हणून तिवरात मी दोन दोऱ्या जोडतो. मागची ब्रेड पीई ४, साधारण ५० पौंडांची. पुढे दीड-दोन हात जाड नायलॉन, ४० पौंडांचं. त्याला लीडर म्हणतात. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी धारदार असते आणि तोंड कानशीसारखं खरखरीत, त्यामुळे तिथे जाड नायलॉन हवंच. पण ४० हे ५० पेक्षा कमी, आणि जिगपाशी बांधलेली गाठ त्याहूनही थोडी कमी. म्हणजे तुटलं तर जिगशी तुटणार. मुळांत राहिला तर एक गळ राहील, दोरी घरी परत येईल.

ओढताना काठी वाकवू नका, काठी मोडते. दोरी हाताला गुंडाळायची तर अजिबात नाही, बोट जाईल. मी धोट्यातली एक जुनी लाकडी कांडी खिशात ठेवतो. तिला चार वेढे द्यायचे आणि सरळ रेषेत मागे रेटायचं. बंद पडलेल्या मागांच्या कांड्या आमच्याकडे पोत्याने पडल्या आहेत, कुणाला हवी असेल तर सांगा.

माशाच्या बाबतीतही हाच हिशोब. मासा दोरी तोडून गेलाच तर तोंडात एक गळ घेऊन जावा, मागे वीस हात शेपूट घेऊन नव्हे. ती शेपूट पहिल्याच मुळाला अडकते आणि मासा तिथेच बांधला जातो. जिताडा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मादी होतो, म्हणजे दोरी तोडण्याइतका दांडगा मासा बहुतेक वेळा अंड्यांवर येणारी मादीच. खाडीत आता असे मोठे किती उरलेत ते काकांना विचारा.

गढूळ खाडीत फ्लुरोकार्बनवर पैसे घालू नका हेही सांगून ठेवतो. जिथे स्वतःचा हात कोपराखाली दिसत नाही तिथे अदृश्य दोरी कुणासाठी?

जलपर्णीची गोष्ट वेगळी. कामवारीचं पाणी कसं आहे ते भिवंडीकरांना सांगायला नको, पण पडघ्याकडच्या तळ्यांत जलपर्णीखाली मरळ असते. तिला हवा घ्यायला वर यावंच लागतं, त्यामुळे बुडबुडा दिसतो. तिथे गळाच्या टोकापुढे ताठ तंतूंचा झुपका असलेला जिग घ्यावा, म्हणजे तो पानात अडकत नाही. आणि ब्रेड थेट जिगला. लीडर नको, त्याच्या गाठीत गवत भरतं. बारीक ब्रेड देठ कापत येते. जाड नायलॉन देठांवर नुसतं चढून बसतं. इथे तोडायची वेळ सहसा येत नाही. पावसाळ्यात लाल पिल्लांचा पुंजका वर फिरताना दिसला तर मात्र काठी गुंडाळायची, खाली आईबाप राखणीला असतात. (तळ्याचा ठेका कुठल्या तरी सोसायटीकडे असतो, आधी विचारून घ्या.)

वज्रेश्वरीच्या खाली तानसा नदीत सगळे काळे दगड. तिथे ब्रेड नेऊच नये. बेसाल्टच्या कडेवर त्या शेकडो बारीक तंतूंतला एकेक कापला जातो आणि बाहेरून काही दिसत नाही. मल्टीफिलामेंटचं हे दुखणं आपल्याकडे कुणालाही ठाऊक आहे. मोनो घासलं तर निदान खरखर लागते. हिवाळ्यात पाणी नितळ असतं, तेव्हा बारा-पंधरा पौंडांचं फ्लुरोकार्बन पूर्ण रिळभर. इथे ते पैसे वसूल करतं, आणि तळाला जिग टेकला की हाताला कळतं. दर पाच-सहा फेकींनंतर शेवटचा हातभर भाग नखांमधून ओढून बघायचा, आमची आजी कांडीवरचा धागा बघायची तसा. खरखर लागली की कापायचा आणि परत बांधायचा. दगडात घासतं ते हे शेवटचं टोकच, त्यामुळे तुटतंही तिथेच.

मोकळ्या पाण्यात काय वापरायचं हा प्रश्न मला कुणी विचारला नाही, आणि मलाही त्यात रस नाही. साधं नायलॉन घ्या. फक्त वर्षभर उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेलं रीळ पुढच्या वर्षी वापरू नका.

कापलेले तुकडे मी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून घरी आणतो. काकांना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते चांगली वस्तू बाटलीत कोंबणं म्हणजे उधळपट्टी. पाणकावळ्याच्या अंगावरून काढलेले तुकडे तेवढे त्यांनी माझ्या बाटलीत टाकले. मुळांतून सोडवलेली लांब ब्रेड घरी नेली, धुतली, आणि तिने होडीवरची ताडपत्री बांधली. यंदाच्या जूनमधल्या वाऱ्यातही ती सुटली नाही.